तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

माझा संसार वाटीभर लोण्यावरून मोडला. हे सांगितलं की ऐकणारा हसतो. हसू द्यावं. मी स्वतः इतक्या वर्षांत कितीदा तरी हसले आहे, आणि हसून झाल्यावर दार लावून बसलेही आहे.

तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य होतं. लांब कुठंतरी महायुद्ध चाललं होतं, आणि आमच्यापर्यंत ते पोचलं होतं ते एवढंच की रॉकेल मिळत नाही आणि लुगडं विकत घ्यायचं तर कुणाच्या तरी पाया पडावं लागतं. मी परंड्याच्या बाजूची. आई मी रांगत असतानाच गेली. आत्यानं वाढवलं. आत्या लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, त्यामुळं आमच्या घरात मान म्हणजे काय आणि तो कसा सांभाळायचा, याचं शिक्षण मला अक्षरांच्या आधी मिळालं. अक्षरं पुष्कळ उशिरा आली.

पंधराव्या वर्षी मला येडशीजवळच्या एका गावात दिलं. घरात सासू, नवरा, दोन बैल आणि एक म्हैस. सासरे वारलेले. नवरा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा आणि जवळजवळ मुका. म्हणजे तोंड होतं, पण ते भाकरी खायला आणि बैलांना हाकारायला. त्यातही बैलांच्या वाट्याला जास्त शब्द यायचे. मी याच्या अगदी उलट. आमच्या गावात म्हणायचे की या पोरीच्या नाकावर राग ठेवलेलाच असतो, फक्त कुणी शिंकायची खोटी.

हे लग्न जुळवलं तेरखेड्याच्या मामांनी. ते नात्यानं कुणाचेच मामा नव्हते. शोभेची दारू करायचा त्यांचा धंदा. जत्रेला, लग्नाला दारूची झाडं आणि बाण घेऊन गावोगाव जायचे, म्हणून त्यांना कुठल्या घरात मुलगी वाढली आहे आणि कुठल्या घरात मुलगा, हे सगळं पाठ. बोटांची टोकं कायमची काळी, एक भुवई जळून गेली ती परत आलीच नाही. असा आगीशी खेळणारा माणूस, पण आवाज इतका थंड की लहान मूल ऐकता ऐकता झोपावं. आमच्या भागात रीत अशी की ज्यानं सोयरीक जुळवली, त्यानंच ती पुढं सांभाळायची. बिघडलं तर निरोप त्याला. तो जाणार, दोन्हीकडचं ऐकणार, जमलं तर सांधणार. नाहीच जमलं तर मोडायलाही तोच पुढं बसणार.

पहिली तीन वर्षं मी नांदले, आणि बरी नांदले. नवरा बोलत नाही याचा राग यायचा, पण त्या न बोलण्यातही काही गोष्टी असायच्या. हुरड्याच्या दिवसांत ते शेतातून येताना कोवळी कणसं धोतराच्या सोग्यात बांधून आणायचे. आईच्या हातात द्यायचे नाहीत, माझ्या हातात द्यायचे नाहीत. जात्यापाशी ठेवून निघून जायचे. जात्यावर पहाटे मीच बसते हे त्यांना ठाऊक होतं. मी दळायला बसले की हाताला कणसं लागायची. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. तीन वर्षांत आमच्यात झालेलं सगळ्यात गोड बोलणं हेच, आणि त्यात एक शब्दही नव्हता.

मग ते लोणी आलं. ज्वारीच्या पेरणीचे दिवस. सासूच्या माहेरची माणसं पाहुणी आलेली. शिंक्यावरचं लोण्याचं गाडगं सासूनं उतरवलं, तर वाटीभर लोणी कमी. ती ओसरीवर पाहुण्यांत जाऊन बसली आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "हिच्या माह्यारात लोणी बघाया मिळालं न्हाय कधी, त्याची भूक आता हितं भागवतीया." पाहुणे खाली बघत राहिले. नवरा दाराशीच उभा होता. मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं खुंटीवरचा चाबूक काढला आणि गोठ्याकडं गेला.

मी लोणी घेतलं नव्हतं. दुपारी बैलांना पाणी दाखवायला गेले, तर डाव्या बाजूच्या बैलाचा खांदा आलेला, जू घासून सोललेला, आणि त्या जखमेवर लोण्याचा हात फिरवलेला. हळद घालून, अगदी काळजीनं. माश्या बसू नयेत म्हणून वर फडकंही टाकलेलं. म्हणजे लोणी कुणी घेतलं हे ज्याला माहीत होतं, तोच दाराशी उभा राहून मला चोर ठरवताना ऐकत होता.

आज मला कळतं की आईला पाहुण्यांदेखत खोटं पाडायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात असणार. रात्री सांगू, उद्या सांगू, असंही असेल. तेव्हा मला काही कळून घ्यायचं नव्हतं. मी गोठ्यातून तडक ओसरीवर आले. सासू, तिचे दोन भाऊ, औताचा गडी, सगळे बसलेले. पदर खोचला आणि म्हणाले, "बैलाच्या खांद्याला लोणी लावाया हात हायेत, अन् बायकूसाठी बोलाया जीभ न्हाय. असल्या माणसापरीस बैल बरा."

नवऱ्याला त्याच्या सख्ख्या मामांदेखत, गड्यादेखत बैलापेक्षा खाली बसवणारी सून त्या गावानं पाहिली नसेल.  मी दोन लुगड्यांचं गाठोडं बांधलं आणि येडशीच्या स्टेशनाची वाट धरली.

त्या वाटेवर मी एकदाच मागं पाहिलं. बांधापलीकडून, माझ्या मागं पन्नास-साठ पावलांवर, ते येत होते. मी थांबले की थांबायचे. मी चालले की चालायचे. वाटलं, हाक मारतील. येडशी आली तरी हाक आली नाही. मी फलाटाच्या एका टोकाला बसले, ते दुसऱ्या. बार्शीकडं जाणारी ती छोटी गाडी अशी की पळत्या गाडीतून उतरून कुणी बोरं वेचून परत चढावं. तिची वाट बघत आम्ही दोन टोकांना निम्मी दुपार काढली. गाडी आली तेव्हा स्टेशनातला हमाल माझ्याकडं तिकीट घेऊन आला. "त्या मालकांनी दिलंय," म्हणाला. मी तिकीट घेतलं आणि जळले. मला वाटलं, घालवून देतोय. बाईमाणूस बिनतिकिटाची नाक्यावर अडकू नये, बार्शी इंग्रजाच्या हद्दीत, तिथं कुणी अडवू नये, म्हणून त्यानं दिलं असेल, हे मला सुचलंसुद्धा नाही. तेव्हा मला फक्त रागाचंच सुचायचं.

माहेरी आल्यावर पहिले आठ दिवस मी शूर होते. मग पहाटे जात्यावर बसले की हात उगाच बाजूला चाचपायला लागला.

महिनाभरानं तेरखेड्याचे मामा आले. लढाईमुळं गंधक आणि सोरा मिळेना, दारूचं काम जवळपास बंद, म्हणून त्यांना सवडच सवड होती. दुसरे मध्यस्थ येत ते बापाशी बोलून जात. पोरीला कोण विचारतंय. मामांची पद्धत निराळी. ते अंगणात लिंबाखाली घराकडं पाठ करून बसले आणि वडलांना म्हणाले, "तुमचं मागनं ऐकतो. आधी लेकीला दाराआड बसवा."

मी दाराआड बसले. मामांची पाठ आणि मानेवरचा घाम तेवढा दिसत होता. ते म्हणाले, "बोल, बाई. काय हाय ते सगळं बोल. म्या तुझ्या सासरी न्हेनार हाय, म्हनून जपून बोलू नगं."

मी बोलले. किती वेळ बोलले देव जाणे. लोणी, बैल, सासू, तिकीट, तीन वर्षांचं मुकेपण. मामा मधे हूं करत राहिले. संपल्यावर म्हणाले, "ह्यातलं आज कायबी उचलत न्हाय म्या. रागातला शबुद पोचवायचा न्हाय, ह्यो माझा नेम हाय. आज हितंच मुक्काम. सकाळी काय उरतंय त्ये न्हेतो."

सकाळी ते परत पाठ करून बसले. मी रात्रभर सगळं पुन्हा मनात घोळवलं होतं आणि खरंच, बरंचसं विरून गेलं होतं. उरलं होतं ते एवढंच. मी म्हटलं, "लोणी म्या घेतलं व्हतं, असं त्यांनी येकदा आपल्या तोंडानं म्हणावं. मग म्या येती."

मामा वळले नाहीत, पण त्यांचे खांदे सैल झालेले मला दिसले. "एवढं तर म्या कडंवर घेऊन न्हेतो," म्हणाले.

दोन महिन्यांनी ते परत आले आणि हसत आले. "सांगितलं त्यानं. आईला सांगितलं, लोणी म्या घेतलं म्हून. म्हातारी रडली बी. आता गाठुडं बांध."

मला किती आनंद झाला हे मी कुणाला दाखवलं नाही. आत्या दाराला टेकून उभी होती. तिनं विचारलं, "कुणासमोर सांगितलं?"

मामा म्हणाले, "चुलीपुढं. माय-लेक दोघंच व्हती."

"म्हंजी पोरीला चोर केलं भर पावन्यांत, अन् सोडवलं चुलीपुढं," आत्या म्हणाली.

हे आत्याचं म्हणणं. पण ते ऐकताक्षणीच माझं झालं. माझ्या नाकावरचा राग जाग्यावर आला. मी म्हटलं, "चार माणसांत म्हणाय सांगा." मामांनी ते लगेच नेलं नाही. मुक्काम केला, सकाळी विचारलं, आणि सकाळीही मी तेच म्हटलं. मग ते नेण्याशिवाय त्यांना गत्यंतर नव्हतं. त्यांचा नेमच तसा होता. जाताना एवढंच म्हणाले, "बाई, त्यो मानूस एका शब्दाला म्हैना लावतो. तू चार मानसांतलं मागतीस."

यावर सासरकडून बरेच दिवस काहीच आलं नाही. ज्वारी निघाली, उन्हाळा गेला, पुन्हा पेरणी झाली. त्या दिवसांत मला काय होत होतं ते मी आत्ता सांगू शकते, तेव्हा सांगू शकले नसते. मला त्या घराची ओढ लागली होती. सासूचीसुद्धा. म्हशीला माझ्या हाताची सवय होती, ती दुसऱ्याला दूध देते का, हेसुद्धा मनात यायचं. आणि तो माणूस बैलांशी बोलताना जो एक बारीक आवाज काढायचा, तो ऐकावा असं वाटायचं. नुसतं लांबून ऐकावं, माझ्याशी बोलला नाही तरी चालेल, इथपर्यंत मी आले होते. पण हे मामांना निरोप म्हणून कसं सांगणार? निरोपात मागणं असतं, ओढ कुठं असते?

शेवटी सासूच्या भावांनी निरोप धाडला की आता एकदाच बसा आणि तुकडा पाडा. नांदवायची तर नांदवा, नाहीतर काडी मोडा. पोरानं किती दिवस बिनबायकोचं राहायचं? बैठक दोन्ही गावांपैकी कुठंच नको, कुणाला कमीपणा नको, म्हणून दरीतल्या रामलिंगाच्या देवळात ठरली. दोन्हीकडची चार-चार माणसं आणि मधे तेरखेड्याचे मामा.

आदल्या दिवशी आत्यानं मला समोर बसवलं. माझ्या मनात काय आहे ते तिनं ओळखलं होतं. तिला वाईट वाटलं नव्हतं, उलट बरंच वाटलं होतं. पण जायचं ते मानानं जायचं, हा तिचा हट्ट. "मामा तीनदा इचारतील," ती म्हणाली. "नांदाया जातीस का, म्हून. रीतच हाय तशी. पयल्यांदा न्हाय म्हन. दुसऱ्यांदा बी न्हाय म्हन. तिसऱ्यांदा जरा गप ऱ्हा, अन् मग हळूच व्हय म्हन. येका दमात व्हय म्हनलीस तर जलमभर सासू म्हनंल, भाकरीला म्हाग झाली म्हनून आली."

यात नवीन काही नव्हतं. आमच्याकडं पाहुणा पंगतीला बसला आणि पहिल्या वाढण्याला हो म्हणाला, तर बायका आत तोंडाला पदर लावतात. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा पान पुढं करायचं. वाढणाऱ्यालाही ते ठाऊक, खाणाऱ्यालाही. मी आत्याचं ऐकलं आणि दोन लुगडी शिदोरीच्या परातीखाली झाकून बरोबर घेतली. ज्या बैलगाडीतून निघालो, तिच्यातून मी परत येणार नव्हते.

रामलिंगाच्या दरीत देवळाच्या ओवरीत आम्ही बायका बसलो. मी, आत्या आणि सासू. सासू माझ्यापासून दोन हातांवर, तोंड फिरवून. पुरुष बाहेर पायऱ्यांवर. मधे भिंत आणि एक अर्धवट लोटलेलं दार. माणसं दिसत नव्हती, आवाज येत होते. मामांपुढं कुणीतरी केळी ठेवली होती, ती एका वानरानं येऊन उचलली आणि मामांच्याच डोक्यावरून उडी मारून गेलं. बाहेर हशा झाला. त्या हशात एक आवाज मी ओळखला. तेरा महिन्यांनी मी तो आवाज ऐकत होते, आणि तेही हसताना. मला वाटलं, झालं, आता सगळं नीट होणार. सासूच्याही ओठांना जरा हसू आलेलं मी पाहिलं.

मग मामांनी घसा साफ केला. "बाई, चार मानसं बसल्याती. रामलिंग साक्षीला हाय. नांदाया जातीस का?"

"न्हाय," मी म्हटलं. हळू, जसं शिकवलं होतं तसं.

बाहेर कुणी दचकलं नाही. सगळ्यांना रीत माहीत. मामा म्हणाले, "पुन्यांदा इचारतो. सासू सोता आलीया. नांदाया जातीस का?"

याच वेळी सासू भिंतीकडं बघत पुटपुटली, "बघा तोरा. लोन्यानं अंगाला माज आलाय." कदाचित तीही रीतच पाळत असेल. सासूनं एवढं तरी बोलायलाच हवं, असं तिलाही कुणीतरी शिकवलेलं असेल. पण माझ्या नाकावरचा राग रीत बघत नाही. दुसरं न्हाय हळू म्हणायचं होतं. मी ओरडले. "न्हाय म्हनलं ना! त्या घरात म्या पानीसुदिक पिनार न्हाय!"

दरीत ते घुमलं. मग मामांचा तो थंड आवाज आला. "रागातला शबुद हाय. म्या धरत न्हाय. तिसऱ्यांदा इचारतो."

माझा जीव भांड्यात पडला. व्हय माझ्या ओठांवर येऊन बसलं. तेवढ्यात बाहेर कुणीतरी उठून उभं राहिल्याची चाहूल आली.

"नगं मामा," माझा नवरा म्हणाला. "तिला आता इचारू नगा."

कुणीतरी त्याला खाली बसायला सांगितलं. तो बसला नाही. तीन वर्षांत मी त्याला सलग इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "ती काय गुन्हेगार हाय का? चार मानसांत तिला किती येळा बोलाया लावनार? लोनी म्या घेतलं व्हतं. बैलाचा खांदा आला व्हता, म्हनून घेतलं. आईनं तिला चोर म्हनलं तवा म्या दारातच हुबा व्हतो, अन् बोललो न्हाय. चूक माझी हाय. तिच्यावर काय बी ठेवू नगा. ती न्हाय म्हनतीया तर तिला सोडा. तिच्या मनाइरुद्ध न्यायची न्हाय मला."

हेच मी मागितलं होतं. चार माणसांत, आपल्या तोंडानं, माझ्या बाजूनं. एक अक्षर कमी नव्हतं. ते त्यानं दिलं आणि त्याच श्वासात मला सोडून दिलं.

मामा काहीच बोलेनात. त्यांना तिसऱ्यांदा विचारायचं होतं हे मला दाराआडून कळत होतं. पण नवराच उभा राहून सोडा म्हणतोय, आणि इतक्या मानानं म्हणतोय, तर त्यावर मध्यस्थानं काय बोलावं? सासूचे भाऊ म्हणाले, पोरगं बोललं ते बरं बोललं. माझे वडीलही म्हणाले, जावयानं अब्रू राखली. सगळ्यांना ते आवडलं.

मी आत्याचा हात धरला. "आत्या, मला जायचंय. सांग त्यास्नी."

 तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "आता? त्यो सोडा म्हनल्यावर? आता जीव गेला तरी न्हाय." मी तिचा हात झटकून बोलू शकले असते. अंगात ताकद होती, बोलायची सवय होती. ओसरीवर नवऱ्याला बैलाखाली बसवताना मला कुणाची भीड पडली नव्हती. पण न विचारता व्हय म्हणायची मला लाज वाटली. त्या एका लाजेचा मला अजून राग येतो, आत्याचा येत नाही.

काडी मोडायची तर काडी हवी. कुणीतरी पायऱ्यांजवळचं गवत उपटून त्याच्या हातात दिलं. पावसाळा नुकताच सरलेला, काडी ओली. ती वाकली, मोडली नाही. त्यानं पिळली, तरी तुटेना. दाराच्या फटीतून मला त्याचे हात दिसत होते. कुणीतरी म्हणालं, वाळकी द्या. मामा उठले, देवळामागं गेले आणि बऱ्याच वेळानं एक वाळकी काटकी घेऊन आले. ती लगेच मोडली. परातीखालची दोन लुगडी माझ्याबरोबर परत परंड्याला आली. आत्यानं ती कधी पाहिली असतील तर तसं बोलली नाही.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते चारचौघींसारखं आहे. त्यानं दुसरं लग्न केलं. मुलंबाळं झाली. मला वडलांनी दोन ठिकाणं दाखवली, मी दोन्ही ठिकाणांना असं काही बोलले की तिसरं आलंच नाही. रझाकारांच्या धामधुमीत आमची बरीच गावं बार्शीच्या बाजूला निघून आली, तशी आम्हीही आलो. तिथं एका बाईंच्या वर्गात वयाच्या एकविसाव्या वर्षी मी पाटीवर पहिलं अक्षर काढलं. पुढं मुलींच्या शाळेत शिकवायला लागले आणि बार्शीचीच झाले. आत्या माझ्याजवळच राहिली आणि माझ्याजवळच गेली.

बऱ्याच वर्षांनी तेरखेड्याचे मामा एकदा शाळेत मला शोधत आले. निजाम गेला होता, दारूचा धंदा पुन्हा जोरात होता, पण मामा थकले होते. मी त्यांना घरी नेलं, जेवायला वाढलं. ते पहिल्याच वाढण्याला हो म्हणाले. भूक लागली होती म्हणा, किंवा रीत पाळायचं वय उरलं नव्हतं म्हणा.

जेवण झाल्यावर मी विचारलं, जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं. त्या दिवशी रामलिंगाहून परत जाताना ते काही बोलले का?

मामांनी आपली काळी बोटं पंच्याला पुसली. म्हणाले, "गाडी घाट चढून वर आली तवा त्यानं इचारलं. मामा, म्या आज बोललो, तिला बरं वाटलं आसंल न्हवं? म्या म्हनलं, व्हय बाबा, लई बरं वाटलं आसंल. दुसरं काय सांगू, बाई? त्याला वाटत व्हतं, त्यानं शेवटाला का हुईना, तुझ्या मनासारकं केलं."

मी मामांना सांगितलं की परातीखाली दोन लुगडी होती. ते ऐकून त्या माणसानं, ज्यानं आयुष्यभर दोन्हीकडचं शांतपणे ऐकलं, पंच्यानं तोंड झाकून घेतलं. मी त्यांना सांगायला नको होतं. पण दुसरं कुणाला सांगणार होते?

हा निरोप आता तिकडं न्यायचा का, असं त्यांनी जाताना विचारलं. मी म्हटलं, नको. तिथं एक बाई नांदते आहे, तिची काय चूक?

परवाच्या उन्हाळ्यात बाजारात येडशीकडची एक भाजीवाली बसली होती. मी वांगी निवडत होते. ती शेजारणीला गावाकडच्या गोष्टी सांगत होती, आणि सांगता सांगता माझ्या त्या नवऱ्याचं नाव घेऊन ते गेल्याचं बोलली. चार दिवस झाले, म्हणाली. पोरं चांगली हायेत, बायकूचं रडनं बघवत न्हवतं. माझ्या हातात वांगं होतं. मी ते ठेवलं नाही. तिला विचारलं, ताजी आहेत का. पाव किलो दे म्हटलं. दुसरं काही करायचा मला हक्क नव्हता. रडायला बसायचं तर कुठल्या नात्यानं बसायचं, ते नातं तर चार माणसांत रीतसर मोडलेलं.

घरी आले आणि चूल पेटवली नाही. ठरवून नाही, हातून पेटलीच नाही. वांगी तशीच पिशवीत राहिली. संध्याकाळी शेजारची बाई डोकावली. आज धूर दिसला नाही, बाई, बरं वाटत नाही का, म्हणाली. मी म्हटलं, उपास आहे. कसला? सोमवार नव्हता, एकादशी नव्हती. मला सांगता येईना. तिला वाटलं, म्हातारीला ताप आला आहे आणि लपवते आहे. ती घरी गेली आणि पिठलं-भाकरी झाकून घेऊन आली. ज्या घरात माणूस गेलेलं असतं, त्या घरी शेजारपाजारचं जेवण येतं. तसं ते माझ्याकडं आलं. आणणारीला काही ठाऊक नव्हतं. तिनं ताट समोर ठेवलं आणि खा म्हणाली, आणि मी खाल्लं.